हीटिंगचे दोनशे पौंड आणि दरवर्षी सुटणारे चौदाशे

वाचकाचं पत्र: मी ७८ वर्षांचा, पत्नी ७४ची. आम्ही दोघांनी लेस्टरला तीस-तीस वर्षं नोकरी केली आणि ऑगस्ट २०१४मध्ये कायमचे पुण्याला परत आलो. दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे. मला तिकडची बेसिक स्टेट पेन्शन आठवड्याला ११३ पौंड १० पेन्स मिळते. आलो तेव्हा होती तेवढीच. दर वर्षी एप्रिलअखेर मुलीकडे लेस्टरला जातो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो. मुलीच्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, त्या मुलीकडेच राहतात. त्यांना गेल्या नोव्हेंबरात हीटिंगचे ३०० पौंड आले. हे पैसे आता पुन्हा बहुतेक सगळ्या पेन्शनरांना मिळू लागलेत असं कळलं. सप्टेंबरात आम्ही तिथेच असतो, मग मुलीचा पत्ता देऊन अर्ज केला तर चालेल का? जर्मनीत स्थायिक झालेल्या आमच्या मित्राला तिथे राहून कितीतरी वर्षं हे पैसे मिळत होते. भारतातल्यांना का नाही? आणि उद्या आम्ही लेस्टरला परत राहायला गेलो, तर कधीपासून मिळतील?

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुम्ही विचारता ते हीटिंगचे पैसे, म्हणजे ब्रिटन सरकारचं ‘विंटर फ्युएल पेमेंट’, पुण्यात राहत असताना तुम्हाला मिळणार नाही आणि मुलीच्या पत्त्यावर अर्ज करू नका. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे जी तुम्ही विचारलेलीच नाही, आणि तिच्यापुढे हे हीटिंगचे पैसे किरकोळ आहेत. तिच्याकडे येतोच. आधी तुम्ही विचारलेलं.

हे पैसे मिळतात ते पेन्शनमुळे नाही, पासपोर्टमुळेही नाही. तीस वर्षं पगारातून भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. एकही हप्ता न भरलेल्या गृहिणीलासुद्धा ते मिळतात. अट आहे वयाची आणि राहण्याची, आणि ती तपासली जाते सप्टेंबरातल्या एका ठरावीक आठवड्यात. हा आठवडा दर वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो. २०२५मध्ये तो १५ ते २१ सप्टेंबर होता. २०२६मध्ये याच हिशेबाने २१ ते २७ सप्टेंबर येतो. त्या आठवड्यात तुमचं पेन्शनचं वय झालेलं असावं आणि तुमचं नेहमीचं राहणं इंग्लंड किंवा वेल्समध्ये असावं. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे, ती तिथलं सरकार चालवतं.

‘सप्टेंबरात आम्ही तिथेच असतो’ या तुमच्या वाक्यात घोळ आहे तो इथे. त्या आठवड्यात लेस्टरमध्ये हजर असणं वेगळं आणि लेस्टरचं रहिवासी असणं वेगळं. लेस्टरला राहणारे कोणी आजोबा नेमके त्या आठवड्यात नातवाच्या मुंजीला नाशिकला आले, तरी त्यांचा हक्क जात नाही. तसंच पुण्याचा माणूस त्या आठवड्यात लेस्टरला आहे म्हणून त्याला हक्क मिळत नाही. ‘नेहमीचं राहणं’ कशाला म्हणायचं याची कसोटी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) बार्नेट कौन्सिलविरुद्धच्या शहा खटल्यात घालून दिली, आणि आजही तीच लावली जाते: माणसाने स्वखुशीने आणि काही स्थिर हेतूने, आपल्या आयुष्याच्या नित्यक्रमाचा भाग म्हणून जिथे मुक्काम केला आहे ते ठिकाण. याच कसोटीने एखाद्या माणसाचं नेहमीचं राहणं एकाच वेळी दोन देशांतही असू शकतं. त्यामुळे सहा महिने इथे, सहा महिने तिथे असणाऱ्या प्रत्येकाला सरसकट नकारच मिळतो असं नाही. लेस्टरमध्ये स्वतःचं घर किंवा भाड्याची खोली, स्वतःच्या नावावर कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी), विजेचं बिल, नियमित जीपी (तिथला फॅमिली डॉक्टर), थंडीतलाही मुक्काम असं सगळं असेल, तर त्याचं म्हणणं टिकू शकतं.

तुमचं चित्र तसं नाही. तुम्ही स्वतःच ‘कायमचे परत आलो’ असं लिहिता. पेन्शनच्या दफ्तरी तुमचा पत्ता पुण्याचा आहे. वर्षाचे साधारण सात महिने तुम्ही भारतात असता, म्हणजे आयकराच्या हिशेबातही निवासी भारतीय ठरता. मुलीकडे जाता ते परतीचं तिकीट काढून, आणि थंडी पडायच्या आत परत येता. याला भेट म्हणतात. कितीही लांबली तरी भेटच.

मुलीचा पत्ता दिल्याने काय होईल ते नीट समजून घ्या, कारण पुष्कळ घरांत ‘अर्ज करून तर बघू’ असा सल्ला दिला जातो. अर्ज करताना त्या आठवड्यात तुम्ही कुठे राहत होता हे तुम्हीच सांगायचं असतं. खोटं निघालं तर दिलेले पैसे परत मागितले जातात, पेन्शनमधूनही वळते होऊ शकतात, आणि जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा तिथे गुन्हा आहे. तुमची पेन्शन आणि हे पैसे एकाच खात्याकडून येतात. एका नोंदीत पुणे आणि दुसरीत लेस्टर हे त्यांना शोधावं लागत नाही, समोरच दिसतं.

शिवाय घरातल्या घरात नुकसान होईल ते वेगळंच. ही रक्कम माणशी ठरत असली तरी एका घरात पात्र माणसं किती, यावर ती बदलते. २०२५-२६मध्ये घरात एकटीच पात्र व्यक्ती असेल तर ८०च्या आतल्याला २०० पौंड आणि ८० किंवा त्यावरच्याला ३०० पौंड असा दर होता. ८०च्या आतली दोघं असतील तर प्रत्येकी १००. ८०च्या वरच्या व्यक्तीसोबत त्या वयाच्या आतलं कोणी पात्र माणूस राहत असेल, तर वरच्याला २०० आणि आतल्याला १००. तुमच्या विहीणबाईंना ३०० मिळाले ते त्या घरात दुसरं कोणी पात्र नाही म्हणून. तुम्ही दोघांनी त्याच पत्त्यावर राहतो असं लिहून दिलंत, तर पुढच्या वेळी त्यांचे १०० कमी होतील. तुमच्या अर्जाची किंमत विहीणबाईंना चुकवावी लागेल.

जर्मनीतल्या मित्राचं. ब्रिटन युरोपीय संघात असताना सामाजिक सुरक्षेच्या सामाईक नियमांमुळे काही हक्क माणसासोबत दुसऱ्या सदस्य देशात नेता येत. विंटर फ्युएल पेमेंट त्यात बसलं. २०१५-१६च्या हिवाळ्यापासून त्यालाही कात्री लागली. ज्या देशांचं हिवाळ्यातलं सरासरी तापमान इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागापेक्षा जास्त, ते देश वगळले गेले: स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, सायप्रस, माल्टा, जिब्राल्टर आणि फ्रान्ससुद्धा. फ्रान्सच्या सरासरीत रियुनियन, ग्वादलूप अशी उष्ण कटिबंधातली बेटं धरली होती, म्हणून आल्प्सच्या पायथ्याशी राहणारे पेन्शनरही बाहेर गेले. इटलीतले मात्र राहिले. त्या निर्णयावर तिथे झालेली टीका आम्हाला रास्त वाटते. जर्मनी थंड, म्हणून तुमच्या मित्राला मिळत राहिलं. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१च्या आधी तिथे गेलेल्यांचाच हक्क उरला, आणि आताची योजना तर इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्यांसाठीच आहे. भारत या यादीत कधीही नव्हता. म्हणजे हा प्रश्न पुण्याच्या उबेचा नाही; मनालीला घर घेतलंत तरी उत्तर हेच. परदेशातल्या पेन्शनरांसाठी म्हणून जो अर्ज व्हॉट्सॲपवर फिरतो, तो बहुधा त्या युरोपवाल्यांच्या काळातला असतो, नाहीतर फसवणुकीचा. लिंक उघडून बँकेचा तपशील भरायला सांगणारा मेसेज आला तर तो पुसून टाका. हे पैसे देणारं सरकारी खातं असे मेसेज पाठवून अर्ज मागवत नाही.

‘पुन्हा सगळ्यांना मिळू लागलेत’ हे मात्र जवळजवळ खरं. २०२४च्या हिवाळ्यात ही रक्कम पेन्शन क्रेडिटसारखे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचे, लाभ घेणाऱ्यांपुरती केली होती. २०२५पासून इंग्लंड-वेल्समधल्या पेन्शनच्या वयाच्या सगळ्यांना ती परत मिळू लागली, पण ज्याचं स्वतःचं करपात्र उत्पन्न वर्षाला ३५,००० पौंडांवर आहे त्याच्याकडून करामार्फत ती परत घेतली जाते. ही मर्यादा माणशी आहे. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरत नाहीत.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे.

तुमची पेन्शन ११३.१० पौंडांवर थांबली आहे, कारण भारतात राहणाऱ्यांना ब्रिटन वार्षिक वाढ देत नाही. २०१४-१५चा पूर्ण बेसिक दर ११३.१० होता. तोच दर २०२५-२६मध्ये १७६.४५ होता. फरक आठवड्याला ६३.३५ पौंड, वर्षाला ३,२९४ पौंड. अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये किंवा मॉरिशसमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरला ही वाढ मिळते, कारण त्या देशांशी तसे करार आहेत. भारताशी नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्यांनाही मिळत नाही. भारत-ब्रिटन व्यापार कराराबरोबर मे २०२५मध्ये जाहीर झालेल्या सामाजिक सुरक्षेच्या करारामुळे आता वाढ मिळेल, अशी समजूत बऱ्याच वाचकांच्या पत्रांत दिसते. तो करार थोड्या काळासाठी दुसऱ्या देशात पाठवलेल्या नोकरदारांनी दोन्हीकडे वर्गणी भरू नये यासाठी आहे. पेन्शनवाढीशी त्याचा संबंध नाही.

पण ही वाढ गोठते ती तुम्ही ब्रिटनबाहेर असता त्या काळापुरती. गोठलेली पेन्शन घेणारा माणूस ब्रिटनमध्ये आला, अगदी भेटीला आला, तरी तिथे असेपर्यंत त्याला चालू दराने पेन्शन मिळू शकते. परत गेला की ती जुन्या दरावर येते. यासाठी रहिवासी असावं लागत नाही. प्रत्यक्ष तिथे असणं पुरतं. हीटिंगच्या पैशांच्या बरोबर उलट. आणि हे आपोआप होत नाही, कळवावं लागतं. तुम्ही दर वर्षी बावीस-एक आठवडे लेस्टरला असता. बावीस गुणिले ६३.३५ म्हणजे १,३९४ पौंड, एका उन्हाळ्याचे, आणि ते फक्त तुमचे. पत्नीची पेन्शन स्वतंत्र आहे, तिचा फरक वेगळा. दोघांचे मिळून ज्या दोनशे पौंडांसाठी खोटा पत्ता द्यायचा विचार होता, त्याच्या कितीतरी पट रक्कम तुम्ही खरा पत्ता सांगून मागू शकता.

येत्या एप्रिलआधी ब्रिटनच्या इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला दोघांनी आपापल्या नावाने पत्र लिहा. नवरा-बायकोचं एकच पत्र पाठवल्याने एकाचीच नोंद होते, हे बऱ्याचदा घडतं. पत्रात नॅशनल इन्शुरन्स नंबर, लेस्टरला पोहोचण्याची आणि परतण्याची तारीख, तिथला पत्ता ‘भेटीच्या काळातला तात्पुरता पत्ता’ असं स्पष्ट म्हणून, आणि ‘ब्रिटनमध्ये असेपर्यंत चालू दराने पेन्शन द्यावी’ ही मागणी. तिकिटांची प्रत जोडा. पोहोचल्यावर फोन करून प्रत्यक्ष आलेली तारीख कळवा आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. तुमच्या ब्रिटिश पासपोर्टवर हीथ्रोला शिक्का बसत नाही, त्यामुळे तिथे असल्याचा पुरावा म्हणजे भारतातून निघताना आणि परत येताना बसणारे शिक्के आणि विमानाचे कागद. मागच्या वर्षांच्या भेटींच्या तारखाही त्याच पत्रात लिहा आणि त्या काळातला फरक देता येईल का ते लेखी विचारा. उत्तरही लेखीच मागा, फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. परतीची तारीख बदलली तर लगेच कळवा; वाढीव दराने जास्तीचे आठवडे गेले तर ते पैसे परत द्यावे लागतील.

कायमचं परत जायचं ठरवलंत तर गणित पूर्ण बदलतं. तुम्ही ब्रिटिश नागरिक आहात. स्थायिक व्हायला म्हणून परत गेलात की त्या दिवसापासून पेन्शन चालू दराने सुरू होते. हीटिंगच्या पैशांसाठी सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारच्या आधी तिथे घर मांडलेलं असावं. निदान ऑगस्टमध्ये जा, म्हणजे पत्ता बदल, बँक, जीपी अशा नोंदी त्या आठवड्याच्या आधीच्या तारखांच्या होतील. ऑक्टोबरात गेलात तर तो हिवाळा गेला. पुढच्या वर्षी मिळतील. पेन्शनच्या दफ्तरी इंग्लंडचा पत्ता आधीच चढलेला असेल तर पैसे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न मागता खात्यात जमा होतात. नाही झाले तर फोनवर किंवा टपालाने अर्ज करता येतो. २०२५-२६साठी त्याची शेवटची तारीख ३१ मार्च २०२६ होती.

पेन्शन क्रेडिटवर मात्र भिस्त ठेवू नका. २०२५-२६मध्ये जोडप्यासाठी किमान हमी आठवड्याला ३४६.६० पौंड होती आणि तेव्हाच्या दराने दोन पूर्ण बेसिक पेन्शनच मिळून ३५२.९० होत होत्या. पत्नीची पेन्शन पूर्ण नसेल तर हिशेब करून बघण्यासारखा आहे, पण मग पुण्याचा फ्लॅट आडवा येतो. तुम्ही राहत नसलेलं घर ही मालमत्ता धरली जाते. १०,००० पौंडांवरच्या दर ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असं समजतात. ६०,००० पौंडांचं घर म्हणजे कागदावर आठवड्याला शंभर पौंडांचं उत्पन्न. घर विकायला काढलं असेल तर साधारण २६ आठवडे ते हिशेबात धरत नाहीत. थंडीच्या कडाक्यात मिळणारे आठवड्याचे २५ पौंड आणि वीजबिलातली १५० पौंडांची सूटही अशाच लाभांना जोडलेली आहे. आजारी वृद्धांना देखभालीसाठी मिळणाऱ्या अटेंडन्स अलाउन्ससाठी गेल्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं ब्रिटनमध्ये असावं लागतं, म्हणजे तब्येतीसाठी परत जाण्याचा विचार असेल तर ती दोन वर्षं मोजूनच जा.

याच विषयावर दुसरी एक चौकशी वारंवार येते, म्हणून इथेच: मुलाने किंवा मुलीने भारतातून ब्रिटनला नेलेल्या आई-वडिलांची. व्हिजिटर व्हिसावर असतील किंवा व्हिसावर सरकारी निधी घेता येणार नाही अशी अट असेल, तर हे पैसे मागू नयेत. हीटिंगचे पैसे त्या निधीत मोडतात आणि मागितल्याने व्हिसाला धक्का लागू शकतो. मुलाने सांभाळण्याची लेखी हमी देऊन कायमचा परवाना मिळवला असेल, तर पहिली पाच वर्षं काही लाभांवर बंदी असते, त्यामुळे अर्जाआधी तिथल्या जाणकाराला विचारा. बंदी लागू नसली, वय झालेलं असलं आणि राहणं इंग्लंड-वेल्समध्ये असलं, की नॅशनल इन्शुरन्सचा एकही हप्ता भरलेला नसला तरी हक्क आहे. अशा घरांनी अर्ज स्वतःहून करावा, कारण स्टेट पेन्शन नसल्याने त्यांचं नाव दफ्तरी नसतं.

तुमच्यासाठी एक शेवटचं. परदेशात राहणाऱ्या पेन्शनरांना तिकडून अधूनमधून हयातीचा दाखला भरायला टपालाने येतो. तुम्ही लेस्टरला असताना तो पुण्याच्या पत्त्यावर येऊन पडला आणि मुदत उलटली, तर पेन्शन थांबते आणि पुन्हा सुरू करायला बरेच दिवस जातात. जाण्यापूर्वी शेजाऱ्यांना किंवा सोसायटीच्या ऑफिसात सांगून ठेवा की ब्रिटनहून आलेल्या पाकिटाचा फोटो काढून त्याच दिवशी पाठवा. दाखल्यावर साक्षीदार म्हणून कोण सही करू शकतो याची यादी फॉर्मवरच असते. ती बघूनच सही घ्या. नातेवाइकाची सही चालत नाही.